तीन दिवसांचा पास

खिडकीवर पाटी कन्नडमध्ये,
खिडकीत हुल्लोळी म्हणून कुणी, आवाज मात्र दोन्हीकडचा:
"आधार दाखवा बघू."
रेणुक्कानं पिशवीतल्या पिशवीतनं काढलं,
नंदगड, तालुका खानापूर.
"तुम्हाला कशाला पास ओ, अक्का? तुम्हाला सगळंच शून्य."
मग माझं कार्ड, उजेडाकडं धरून.
कोवाड, तालुका चंदगड.
"ह्याला पैसे पडतात."
फोटोत मी आधीच जरा खट्टू आहे.

तुडयेत एका पाटावर बसून
एकाच दिवशी नाक टोचून घेतलेल्या आम्ही.

"एक दिवसाचा देऊ, तीन दिवसांचा, का महिन्याचा?"
महिन्याचा! रेणुक्का हसली, रांगेनं वळून बघितलं.
तीन दिवस सुटलो तेच
तिनं सुनेला डोळ्याच्या डॉक्टरचं निमित्त सांगून
आणि मी म्हशीची धार शेजारच्या तानूबाईवर टाकून.
खोली घेतलीय गणपत गल्लीच्या मागं, मुद्दाम.
एकमेकीकडं गेलं की एक पाहुणी होते, एक चुलीशी.
या गावात आमचं कुणीच नाही.

खोलीच्या पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
शहापूर, जायचं-यायचं, दोन.
कॅम्प, तिला तिथल्या बेकरीतला पाव आवडतो, दोन.
वडगावात मागावर बसणारी एक लांबची जाऊ,
घरी असेल, नसेल, तरी धरू.
"आणि दुसरं गेट," रेणुक्का म्हणाली.
तिथं काय आहे?
"माहीत नाही. पण गेटाला नंबर घालून ठेवलेत म्हणजे बघायला नको?"
बेरीज केली. सुटी तिकिटं
पासापेक्षा चौदा रुपयांनी स्वस्त.
"म्हणजे पास नको," मी.
"म्हणजे अजून एक जागा पाहिजे," ती.
मागचा पोरगा म्हणाला, आजी, माझी बस चाललीय.

घेतला तीन दिवसांचा.
हुल्लोळींनी नाव कन्नडात लिहिलं,
सगळी अक्षरं डोक्यावर पदर घेतलेली.
ते माझं नाव, आणि मलाच वाचता येईना.
रेणुक्कानं बोट ठेवून वाचून दाखवलं,
स. गु. णा.
सासरी गेल्यावर शिकली म्हणे,
रेशनच्या दुकानात, दुसऱ्यांच्या पिशव्यांवरनं.
चाळीस वर्षांत मला सांगितलं नव्हतं.

मग बस, उतर, बस.
"यल्लिगे?" कंडक्टर आधी तिला.
ती कार्ड काढायची, तो गाव बघायचा,
शून्याचं तिकीट फाडून द्यायचा.
माझ्या पासाकडं बघून नुसती मान.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची चंची शून्यांनी फुगली
आणि माझा एकच कागद, घामानं मऊ.
गोवावेसजवळ, कार्ड आत ठेवत, ती म्हणाली,
"तुझं बरं गं.
तुला सारखं सारखं कुठली म्हणून विचारत नाहीत."
मी चेष्टेत काहीतरी म्हणणार होते.
खिडकीतनं पावाची पिशवी सरळ केली.

वडगावची जाऊ घरी नव्हती.
तिच्या गल्लीत सगळीकडं मागांचा खडखडाट,
आम्ही ओरडून बोललो, मग बोललोच नाही, उभ्या राहिलो.
दुसऱ्या गेटाला काहीच नव्हतं.
म्हणजे गेट होतं, लागलेलं,
आणि मालगाडी.
बसमधनंच डबे मोजले.
तिचे एक्केचाळीस, माझे त्रेचाळीस.
तीन थांबे जाईपर्यंत भांडलो,
उतरायचं राहिलं, शेवटपर्यंत गेलो,
त्याच बसनं परत आलो.
चौदा रुपये तिथंच कुठंतरी फिटले.

तिसऱ्या दिवशी शेवटची बस साडेनऊला.
पास चालतो रात्री बारापर्यंत.
मधले अडीच तास
लॉजच्या पायरीवर बसून,
उरलेला पाव खात,
वसूल केले.